लिव्हर ॲब्सेसचा थीसिस कोणत्या जर्नलला पाठवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात एम.डी. मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या रेसिडेंटने लिव्हर ॲब्सेसवर (यकृतात पू साठणं) थीसिस केला आहे. 112 पेशंट, दीड वर्षाचं काम. परीक्षेआधी पेपर कुठेतरी गेला पाहिजे. एका ‘आंतरराष्ट्रीय’ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी जर्नलकडून मेल आली आहे: सात दिवसांत स्वीकृती, शुल्क चौदा हजार. एक सीनियर म्हणतो ‘गट’ (Gut) या नामांकित जर्नलला टाकून बघ. गाईड म्हणतात, कुठेही टाक पण लवकर टाक. लेखकांच्या यादीत सहा नावं आहेत आणि त्यातल्या तिघांनी यातला एकही पेशंट पाहिलेला नाही. अशा वेळी काय करावं?

मी गॅस्ट्रोएंटरॉलॉजीची प्रॅक्टिस पुण्यातच करते आणि बरीच वर्षं या विषयातल्या जर्नलसाठी रिव्ह्यू (छापण्याआधी पेपर तपासणं) करत आले आहे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने तुमचा पेपर कसा दिसतो, तेही सांगते.

आधी त्या मेलचा निकाल लावू. ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’, ‘एमिनंट रिसर्चर’ अशी सुरुवात, तुमच्या एखाद्या कॉन्फरन्समधल्या पोस्टरचं तोंडभर कौतुक, नामांकित जर्नलच्या नावापुढे ‘इंटरनॅशनल’ किंवा ‘अमेरिकन’ जोडून बनवलेलं नाव, खाली व्हॉट्सॲप नंबर. सात दिवसांत लिव्हरचा पेपर खरोखर तपासून कुणी देत नाही. मी स्वतः रिव्ह्यूसाठी दोन-तीन आठवडे घेते आणि एडिटरला दोन रिव्ह्यूअर मिळवायलाच तेवढा वेळ जातो. मेलमध्ये आयएसएसएन छापलेला असतो, त्याने भुलू नका. तो नुसता क्रमांक आहे, दर्जाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ‘इम्पॅक्ट फॅक्टर 7.2’ (जर्नलच्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो, तो आकडा) असं लिहिलेलं असेल तर तो कुणी काढला ते विचारा. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो मानला जातो तो क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते, बाकीचे घरगुती.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका आणि ते सध्या मेडलाइनमध्ये, म्हणजे त्यांच्या निवडक जर्नलच्या सूचीत, इंडेक्स होतं का, ते बघा. स्कोपस या दुसऱ्या मोठ्या सूचीत बघताना ‘कव्हरेज’ कोणत्या वर्षी थांबलं ते वाचा. बंद केलेल्या जर्नलची नावंही त्या यादीत राहतात आणि त्याचाच फायदा घेतला जातो. ‘आमचे लेख पबमेडमध्ये दिसतात’ हा दावा तर अर्धवट खरा असतो. अमेरिकन सरकारी निधीतून झालेल्या कामाचा लेख कुठल्याही जर्नलमध्ये छापला तरी लेखकाला तो पबमेड सेंट्रल या मोफत लेखसंग्रहात ठेवावा लागतो आणि तिथून तो पबमेड या शोधसूचीत उमटतो. म्हणजे टुकार जर्नलचे दहा-वीस लेख तिथे सापडू शकतात. जर्नल इंडेक्स झालं, असा त्याचा अर्थ नाही.

ही दुकानं वाढली त्याला आपले नियमही जबाबदार आहेत, हे बोलून दाखवायला हवं. 2015 साली मेडिकल कौन्सिलने शिक्षकांच्या बढतीसाठी ‘इंडेक्स्ड’ जर्नलची जी यादी दिली, त्यात इंडेक्स मेडिकस या जुन्या अमेरिकन सूचीचं नाव होतं. त्याची छापील आवृत्ती 2004 च्या अखेरीस बंद पडली होती. त्याच यादीत इंडेक्स कोपर्निकस ही वादग्रस्त सूचीही होती, आणि त्याच वेळी ई-जर्नल मोजायची नाहीत असंही ठरलं होतं. 2020 मध्ये ही यादी बरीच सुधारली. पण मधल्या पाच वर्षांत किती जणांनी पैसे भरून बढत्या पदरात पाडून घेतल्या, ते आपल्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. आपल्या विद्यापीठातले प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1009 जर्नल तपासली आणि त्यातली 88 टक्के निकृष्ट निघाली. 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते छापून आलं. त्याच वर्षी यूजीसीने 4305 नावं यादीतून काढली. पुढे 2019 मध्ये यूजीसी-केअर या नव्या मान्य यादीचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडेच आलं. 2025 मध्ये तीही यादी बंद झाली, त्यामुळे ‘केअर-लिस्टेड’ असा शिक्का मिरवणाऱ्या जर्नलला आता त्याचा काही उपयोग नाही. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनाला अमेरिकन न्यायालयाने 2019 मध्ये पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली, याच धंद्यापायी. तरी मेल यायच्या थांबल्या नाहीत.

तुम्ही अजून तिथे काही पाठवलं नसेल तर उत्तमच. पाठवलं असेल तर कॉपीराइट फॉर्मवर सही करू नका आणि ‘लेख मागे घेत आहे’ असं आजच लेखी कळवा. मागे घ्यायचेही पैसे मागतील, देऊ नका. पण मागे घेतल्याचं लेखी हातात असल्याशिवाय तोच पेपर दुसरीकडे टाकू नका. एकाच वेळी दोन जर्नलना पेपर पाठवणं हा गैरप्रकार मानला जातो आणि या लोकांना हे पक्कं माहीत असतं.

आता दुसरं टोक. ‘गट’ 1960 पासून निघतं, अमेरिकन संघटनेचं ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ 1943 पासून, ‘हेपॅटॉलॉजी’ 1981 पासून, युरोपीय संघटनेचं ‘जर्नल ऑफ हेपॅटॉलॉजी’ 1985 पासून. त्यांच्याकडे येणाऱ्या पेपरपैकी बहुतेक एडिटरच्या टेबलावरूनच परत जातात. एका रुग्णालयातल्या लिव्हर ॲब्सेसच्या 112 केसेस तिथे टिकणार नाहीत. काम वाईट आहे असं नाही, पण ते जर्नल वाचणाऱ्यांच्या वॉर्डात अमीबिक (अमीबा या परजीवीमुळे होणारा) ॲब्सेस वर्षात एखादा येतो. त्या सीनियरचं ऐकलंत तर फॉरमॅटिंगमध्ये दोन रविवार जातील, एवढंच.

मात्र पुण्यातून मोठ्या जर्नलला काम जातच नाही, असा न्यूनगंडही नको. 1980 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक पेपर आला होता. त्यात दिल्लीची 1955-56 ची, अहमदाबादची 1975-76 ची आणि आपल्या पुण्याची 1978-79 ची, अशा काविळीच्या तीन साथींमधलं सीरम तपासलं होतं. लेखकांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी होत्या. हिपॅटायटिस ए आणि बी या दोन्हींच्या चाचण्या तोवर आल्या होत्या आणि त्या लावून पाहिल्यावर या साथींचा विषाणू दोन्हींपैकी नाही, हे दिसलं. आज आपण ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतो त्याच्या शोधातला तो महत्त्वाचा टप्पा. तसंच पुण्याच्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं ‘बारीक अंगाच्या पण आतून चरबी साठलेल्या’ भारतीयांवरचं काम. तेही 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि आज सडपातळ माणसाच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलं की आपण त्याच चौकटीत विचार करतो. या दोन्ही कामांत प्रश्न असा होता की उत्तर कळल्यावर जगभरच्या डॉक्टरांना आपलं मत बदलावं लागलं. जर्नल निवडताना हाच विचार खालच्या पातळीवर लावायचा: माझा पेपर वाचून कोण, उद्या सकाळी, काय वेगळं करेल?

तुमच्या पेपरचा वाचक दौंड, इंदापूर किंवा बार्शीचा फिजिशियन आहे, सोनोग्राफी करणारा रेडिओलॉजिस्ट आहे आणि शहरातला ज्युनियर गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट आहे. हे लोक काय वाचतात? इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीचं ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ 1982 पासून निघतं आणि आता स्प्रिंगर छापतं. यकृततज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपरिमेंटल हेपॅटॉलॉजी’ 2011 पासून एल्सेव्हियर काढतं. फिजिशियनांसाठी त्यांच्या संघटनेचं ‘जापी’ (जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया) आहे. उष्णकटिबंधीय आजारांची परदेशी जर्नलंही अमीबिक ॲब्सेस आवडीने घेतात. माझा क्रम विचाराल तर आधी ‘इंडियन जर्नल’, मग उष्णकटिबंधीय आजारांचं एखादं, मग ‘जापी’.

भारतीय जर्नल म्हणजे दुय्यम, ही समजूत डोक्यातून काढा. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घराघरांत शिजत होते तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या फक्त 6 पेशंटची मालिका 2021 मध्ये याच ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपरिमेंटल हेपॅटॉलॉजी’मध्ये छापली. आयुष मंत्रालयाने जाहीर हरकत घेतली, वादंग झालं. पुढच्याच वर्षी देशातल्या 13 केंद्रांमधले 43 पेशंट ‘हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’मध्ये आले. सहा पेशंटांचा पेपर योग्य जागी छापला गेला म्हणून बाकीच्यांनी आपापले केसपेपर उघडून पाहिले. सहा पेशंटांचा पेपर छापणाऱ्या त्या जर्नलची दुसरी बाजूही सांगते. वजन कमी करायच्या एका प्रसिद्ध पूरक आहारामुळे झालेल्या यकृत निकामी होण्याच्या केसवरचा पेपर कंपनीच्या कायदेशीर दबावानंतर 2020 मध्ये प्रकाशकाने काढून टाकला. शास्त्रीय चूक दाखवून तो काढलेला नाही. चांगल्या जर्नलच्या मागेही एक व्यापारी कंपनी उभी असते, हे लक्षात असू द्या.

पैशांबद्दल. वरच्या स्प्रिंगर-एल्सेव्हियरच्या जर्नलमध्ये वर्गणीचा मार्ग निवडलात तर लेखकाला शुल्क नसतं. स्वीकृतीनंतर जो फॉर्म येतो त्यात ‘ओपन ॲक्सेस’वर (लेख सगळ्यांना मोफत वाचता येणं) चुकून टिक केलीत तर मात्र दोन-तीन लाखांचं बिल समोर येऊ शकतं. संदर्भ वाचायला पूर्वी मित्रांकडून पीडीएफ मागाव्या लागत. सरकारी कॉलेजात असाल तर 1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेत सुमारे 13,000 जर्नल उघडी झाली आहेत, ग्रंथालयातून लॉगिन घ्या. खासगी कॉलेजातल्यांना पहिल्या टप्प्यात ती सोय नाही.

आता खरा मुद्दा, तुमचा पेपर. तुम्ही मला पाठवलेल्या मेलमध्ये जोडलेला गोषवारा मी वाचला. शीर्षक आहे ‘तृतीयक रुग्णालयातील लिव्हर ॲब्सेसच्या रुग्णांचे क्लिनिकल प्रोफाइल आणि परिणाम’. या शीर्षकाचे पेपर रिव्ह्यूला इतके येतात की एडिटर पुढचं वाचत नाही. ताप 94 टक्क्यांना, पोटदुखी 88 टक्क्यांना, पुरुष जास्त, दारू पिणारे जास्त, उजवा लोब जास्त. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. थीसिस म्हणून हरकत नाही, सिनॉप्सिसच तसा मंजूर झाला असेल. पण पेपरमध्ये एकच प्रश्न हवा.

तुम्ही पिगटेल (पू वाहून जायला आत ठेवलेली नळी) आणि सुईने उपसणं यांची तुलना केली आहे आणि ‘पिगटेलच्या पेशंटचा मुक्काम वाढला’ असा निष्कर्ष काढला आहे. रिव्ह्यूअर इथेच पेपर खाली ठेवेल. पिगटेल कुणाला घातला? ज्यांचा ॲब्सेस 10 सेंटीमीटरचा होता, फुटायच्या बेतात होता, पू घट्ट होता त्यांना. ते मुळातच जास्त आजारी होते, मुक्काम वाढणारच. ही तुलना तुमच्या डेटावरून करता येत नाही आणि त्यावर भारतातूनच रँडमाइज्ड ट्रायल झालेल्या आहेत. त्याऐवजी तुमच्याकडे जे दुर्मीळ आहे ते वापरा. 70 पेशंटना सुरुवातीला नुसती औषधं दिली होती आणि त्यातल्या 31 जणांना तीन दिवसांनी निचरा करावा लागला, असं तुमच्या तक्त्यात दिसतं. दौंडच्या फिजिशियनचा नेमका हाच प्रश्न आहे: पहिल्या दिवशी काय दिसलं तर समजायचं की मेट्रोनिडाझोल या औषधावर भागणार नाही, याला पुण्याला पाठवा? हा झाला पेपर. आणि 31 घटनांवर रिग्रेशनमध्ये (कोणता घटक निकालाशी किती जोडलेला आहे, ते काढायची पद्धत) तीनच घटक घाला. तुमच्या स्टॅटिस्टिशियनने अकरा घातले आहेत, ते पानभर आकडे कुणीही मानणार नाही.

पहिल्या तक्त्यात बिलिरुबिनची सरासरी 2.1 आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचा पसारा) 3.4 दिली आहे. बिलिरुबिन शून्याखाली जात नाही. डेव्हिएशन सरासरीपेक्षा मोठं आहे म्हणजे चार-दोन पेशंटना भरमसाट कावीळ होती आणि बाकीच्यांना जवळपास नव्हती. तिथे मीडियन (मधला आकडा) आणि इंटरक्वार्टाइल रेंज (मधल्या निम्म्या पेशंटचा पल्ला) द्या. सीआरपी, एएलटी या रक्तचाचण्या, मुक्कामाचे दिवस, सगळीकडे हेच. ही एक ओळ बघून रिव्ह्यूअर ठरवतो की बाकीचे आकडे कितपत विश्वासाने वाचायचे.

दारूच्या रकान्यात ‘ऑकेजनल’ आणि ‘क्रॉनिक’ लिहिलंय, त्याला काही अर्थ नाही. केसपेपरवर ‘रोज एक क्वार्टर’ असं लिहिलेलं असणार. 180 मिली, 42.8 टक्के, म्हणजे जवळपास 60 ग्रॅम अल्कोहोल. निप म्हणजे त्याच्या निम्मं, 30 ग्रॅम. ग्रॅममध्ये लिहा, म्हणजे तुमचा आकडा जगात कुठेही ताडून बघता येईल. 2023 पासून फॅटी लिव्हरचं नवं वर्गीकरणही आठवड्याच्या ग्रॅमवरच चालतं, तेव्हा ही सवय पुढेही कामाला येईल.

अमीबिक कोणाला म्हटलं आणि पायोजेनिक (जिवाणूंमुळे झालेला) कोणाला, हे पद्धतीच्या भागात स्पष्ट हवं. आपल्याकडे सिरॉलॉजी (रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे आत्ताचाच अमीबा असं होत नाही, जुन्या संसर्गाच्या अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहतात. कल्चर (पुवातले जिवाणू वाढवून पाहणं) निगेटिव्ह आलं म्हणजे पायोजेनिक नाही, असंही नाही. तुमच्याकडे येण्याआधी गावातच सेफ्ट्रियाक्झोनची चार इंजेक्शनं झालेली असतात. किती जणांना आधी अँटिबायोटिक मिळालं होतं, हा आकडा द्या. नसेल तर नसल्याचं लिहा. आणि 112 जण आले कुठून? एकूण किती दाखल झाले, किती वगळले, किती जण डिस्चार्जनंतर परत सोनोग्राफीला आलेच नाहीत, याचा साधा फ्लोचार्ट काढा. स्ट्रोब नावाची चेकलिस्ट याच कामासाठी आहे, ती भरून सोबत जोडा.

एथिक्स कमिटीच्या पत्राची तारीख पहिल्या पेशंटच्या तारखेआधीची हवी. तुम्ही उपचार ठरवून दिले असतील, म्हणजे अभ्यास निरीक्षणात्मक नसेल, तर सीटीआरआय (भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही) नोंदणी लागते आणि 1 एप्रिल 2018 पासून ती मागाहून करता येत नाही.

लेखकांची नावं हा नाजूक विषय. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलच्या एडिटरांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमाप्रमाणे लेखक होण्यासाठी चार गोष्टी लागतात: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा गंभीरपणे तपासणं, अंतिम प्रतीला मान्यता आणि सगळ्या मजकुराची जबाबदारी. तृतीय वर्षाच्या रेसिडेंटने एच.ओ.डी.ना ‘सर, तुमचं नाव बसत नाही’ असं सांगावं, असा सल्ला मी देणार नाही. परीक्षा तोंडावर आहे आणि मीही याच व्यवस्थेतून आले आहे. पण जर्नलच्या फॉर्मवर प्रत्येकाच्या नावापुढे त्याने काय केलं ते भरावं लागतं. तो कोरा फॉर्म घेऊन जा आणि नम्रपणे विचारा, ‘सर, इथे आपल्या नावापुढे काय लिहू?’ काही जण आपणहून आभारांच्या यादीत जातात. काही जण पेपर वाचून खरोखर सुधारून देतात, मग ते हक्काचे लेखक. उलट ज्या रेडिओलॉजिस्टने रात्री-अपरात्री पिगटेल घातले त्यांचं नाव तुमच्या यादीत नाही. ते आधी घाला.

इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटी वापरलं तर जर्नल सांगेल तिथे तसं नोंदवा. ते लेखक होऊ शकत नाही, आणि पेशंटचा डेटा त्यात टाकायचा नाही. 2024 मध्ये ‘रेडिओलॉजी केस रिपोर्ट्स’मध्ये एका बाळाच्या पोर्टल व्हेन आणि हेपॅटिक आर्टरीच्या इजेवरचा पेपर छापून आला, त्यात ‘मी एक एआय लँग्वेज मॉडेल आहे’ हे वाक्य तसंच राहिलं होतं. लेखक, रिव्ह्यूअर, एडिटर, कुणीच वाचलं नव्हतं. पेपर मागे घ्यावा लागला. संदर्भ तर एकेक उघडून तपासा. खोटे संदर्भ आम्हाला आता लगेच ओळखू येतात.

परीक्षेचं टेन्शन वेगळं ठेवा. 2000 च्या जुन्या पीजी नियमावलीत पेपर ‘छापला, स्वीकारला किंवा पाठवला’ असला तरी चालायचं. नंतर नियम बदलले आहेत. तुमच्या बॅचला काय लागू आहे ते पीजी सेक्शनमधून लेखी घ्या, कॉरिडॉरमधल्या सीनियरकडून नको. पाठवल्याची पावती चालत असेल तर चांगल्या जर्नलचीही पावती त्याच दिवशी मिळते. चौदा हजार कशाला?

रिजेक्शन आलं तर एडिटरच्या पत्रातले मुद्दे दुरुस्त करूनच पुढे पाठवा, कारण दुसऱ्या जर्नलनेही रिव्ह्यू माझ्याकडेच पाठवला असं अनेकदा होतं. ‘मेजर रिव्हिजन’ आलं तर पेढे वाटायला हरकत नाही, बहुतेक वेळा काम होतं. उत्तर लिहिताना रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली काय बदललं आणि कोणत्या ओळीत, ते द्या. पटत नसेल तर कारणासह नाही म्हणा, आम्हाला राग येत नाही.

पत्रव्यवहारासाठी कॉलेजची मेल देऊ नका. रिव्हिजन येईल तेव्हा तुम्ही कदाचित पुढच्या डी.एम. पदवीसाठी दुसऱ्या राज्यात असाल आणि ती मेल बंद झालेली असेल. स्वतःचा कायमचा मेल पत्ता आणि ऑर्किड (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) द्या. मूळ एक्सेल शीट, पेशंटची नावं काढून, गाईडकडेही एक प्रत ठेवा. छापून झाल्यावर दोन वर्षांनी एखादा एडिटर ती मागू शकतो.